आंबट माती

सांगवी, १२ मार्च १९५७

प्रिय सोपान,

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखी चार पानं झाडाबद्दल आणि दोन ओळी आमच्याबद्दल. या आक्काचे, माझे गुडघे कसे आहेत हे विचारलं नाहीस तरी चालेल, मला आता सवय झाली आहे. म्हणून मीही आधी झाडाचंच लिहिते.

तू पाठवलेल्या त्या ब्लूबेरीला यंदा फुलं आली. पांढरी, इवल्याशा घागरी उलट्या टांगाव्यात तशी. आईनं शेजारच्या दगडाबाईला हाताला धरून आणून दाखवली. आठवड्यात सगळी गळली, फळ एकही धरलं नाही. 'पहिलं फळ लागलं की येतो' हे तुझं वाक्य तिला पाठ आहे. इथली थंडी त्या झाडाला पुरत नाही हे आता मलासुद्धा कळतं. मग अमेरिकेत शेतकी शिकणाऱ्या तुला ती अट घालताना कळलं नसेल? मला तुझा फार राग आला, तो इथंच लिहून टाकते.

दोन वर्षांपूर्वी तुझा मित्र सर्जेराव तिकडून परतला, तेव्हा ओल्या शेवाळात गुंडाळलेली ब्लूबेरीची तीन रोपं घेऊन आला. माती आंबट ठेवा, हा तुझा निरोपही त्यानं दिला. पण आईचा हात सवयीचा. वांग्या-मिरच्यांना टाकते तशी चुलीतली राख तिनं यांच्याही बुडाशी टाकली. राखेनं मातीचा आंबटपणा मरतो हे तिला कोण सांगणार? आठवड्यात दोन रोपं वाळली. त्या दिवशी ती जेवली नाही. तिसऱ्याची मुळं धुऊन तिनं ते फुटक्या रांजणात, चिंचेखालच्या कुजक्या पाल्यात लावलं. विहिरीचं पाणी खारट, म्हणून पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी साठवून त्याला घालते. ताकाचं भांडं विसळलेलं पाणीही त्यालाच. राखेची पाटी घेऊन मी त्या बाजूनं गेले तरी ओरडते. पोटच्या पोरांचे एवढे लाड केले नाहीस, असं मी चिडवायचे. ती नुसती हसायची.

परवा फुलं गळल्यावर मी वैतागून म्हटलं, उपटून टाक ते, तो काही येत नाही. तेव्हा ती रांजणाशी बसली आणि मला सगळं सांगितलं. तू तिथल्या मुलीशी लग्न केलं आहेस आणि आईला तोंड कसं दाखवू म्हणून येत नाहीस, हे सर्जेरावानं तिला रोपं दिली त्याच दिवशी सांगितलं होतं. दोन वर्षं तिनं ते पोटात ठेवलं. तू आपण होऊन सांगशील याची वाट पाहत राहिली.

आता तिला वाट पाहायची नाही, म्हणून हे पत्र. ती समोर बसली आहे, तिचेच शब्द उतरवते: "फळाचं ऱ्हाऊ दे. परमुलखातल्या झाडापायी मी माती आंबट केली, सून तर माणूस हाय. तिला घिऊन ये. आन् तिला काय सोसत न्हाय ते आधी लिहून कळव. राख टाकल्यावानी चूक मला पुन्ना करायची न्हाय."

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
आक्का