तिपायीची कल्हई

१ सप्टेंबर
पाच दिवसांचा गणपती काल पोचवला. घरभर मखराचा पसारा. पणजीचे प्रोफेसर (जुन्या वस्तूंचे, ओळख नवीच) मुळगावची देवळं बघायला आले होते, चहाला थांबले. कोपऱ्यातली कांद्यांची तिपायी बघून कप तसाच खाली ठेवला. "सर, हे कुठून आलं?"
म्हटलं, आजोबांचे थोरले भाऊ पोर्तुगीज पलटणीतून मकावला होते, त्यांनी आणलं. काशाचं भांडं, तीन पाय, दोन कान. वर्षभर कांदे, पितृपक्षात म्हाळाला खीर.
प्रो. म्हणाले, चिनी 'तिंग' असू शकतं. तिकडचे राजे यात पितरांचा नैवेद्य शिजवायचे, तीन हजार वर्षांपूर्वी. दोघांनी मिळून कांदे उपसले.

३ सप्टेंबर
प्रो.नी पुस्तक पाठवलं. दोनदा वाचलं. एका सम्राटाच्या काळी असं भांडं जमिनीत सापडलं, तर त्याने चालू सनाचं नावच बदललं! पुढे राजांना संग्रहाचं वेड. संग्रहाच्या सचित्र याद्या छापल्या, याद्या बघून नकला ओतल्या, मग नकलांच्या नकला. आमचं कुठल्या पिढीतलं, ते आत अक्षरं असली तर थोडंफार कळेल. अक्षरं बहुधा तळाला. आमच्या तळाला कल्हई, दरवर्षीची, थरावर थर. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला आणि घरात त्याच्यावर कल्हई चढवून घेतली.
वरचा हिरवा गंज म्हणजे दागिना, असं पुस्तक म्हणतं. आमची सौ. सुलभा तो दर चतुर्थीला आंबट बिंबलांनी घासून काढते. हे प्रो.ना सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर
प्रो.चा फोन. कल्हई काढून बघू, चार-सहा महिने भांडं माझ्याकडे राहू द्या. सु.ला विचारलं.
"म्हाळ तोंडार इलो आनी भांडां पणजेक? थोरल्या आज्याक खीर कशात घालू, कुकरात?"
मी म्हटलं, अगं, तीन हजार वर्षं...
"तीन हजार वर्सां रवलां मा? मगे आनी थोडां रवात."
यावर जे मनात आलं ते इथेही लिहीत नाही.

१८ सप्टेंबर, द्वादशी
थोरल्या आजोबांचा म्हाळ. प्रो.ना जेवायला बोलावलं. मधुमेह आहे, तरी आले, भिंग घेऊन. तिपायी खिरीने काठोकाठ. "खीर सोपल्याबिगर तळ दिसाचो नाय," असं सांगून सु. वाढायला लागली. प्रो.नी तीन वाट्या ओढल्या, चौथी मी, पाचवी परत त्यांनी. भटजींना इतका आग्रह केला की ते घाबरून पानावरून उठले.
शेवटी तळ. पळीने खरवडून एका जागी कल्हई उडालेली, तिथे दोन वाकड्या रेघा. प्रो. भिंग लावून आत वाकले. मग हळूच, "अक्षर असू शकतं."
"पळयेचो वरखडो पण आसात," सु.
प्रो. म्हणाले, अशा भांड्यांवर शेवटी पुष्कळदा एकच वाक्य असतं: मुला-नातवंडांनी हे कायम वापरत राहावं.
सु. खरकटी पळी हातात धरून म्हणाली, "मगे आमी काय करतंव?"
थोरल्या आजोबांना मूलबाळ नव्हतं. तरी एवढं धूड समुद्रावरून घरी आणलं, कुणासाठी?
निघताना सु. प्रो.ना म्हणाली, "पुढल्या म्हाळाक येवा. पळी आसा, आनी थोडी कल्हई निघात." त्यांनी तिथी लिहून घेतली.

९ ऑक्टोबर
दिवाळीआधीचा कल्हईवाला आलाय. सु. डिचोलीच्या बाजारात. जाताना म्हणाली, "कल्हई नाय लावली तर खीर कळकतली, आज्याचा पोट बिघडतला. लावली तर तुमच्यो रेघो गेल्यो. काय ता तुमी ठरवा."
सदतीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच काही ठरवायला सांगितलंय. प्रो. फोन उचलत नाहीत.
कल्हईवाला हाका मारतोय, "मास्तर, इंगळे पेटले, तिपायी हाडा!"
तिपायी मांडीवर आहे. दोन रेघांवर अंगठा ठेवून, दुसऱ्या हाताने हे लिहितोय.