अंगातलं जॅकेट

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

टीव्हीवर मॅचभर माझ्या अंगात जॅकेट दिसलं म्हणून लगेच देव पाण्यात ठेवून बसू नकोस. बास्केटबॉलचा हॉल थंडगार असतो. शिवाय मला आता कोचच्या शेजारची खुर्ची मिळालीय. नवी पोरं खेळून आली की घाम पुसत विचारतात, "दादा, कुठं चुकलं?" मग मीही मोठा आव आणून सांगतो.

जेवण वेळेवर होतं. बाबा अजून मोठ्यानेच पेपर वाचतात ना? ताईने विणलेले मोजे मला चक्क पुरले.

आणि हो, जिना चढण्याआधी तू गुडघ्याला चोळतेस ते तेल पाठव. इथे एका खेळाडूला हवंय. त्याची आई फार लांब असते.

तुझा,
लंबू