आजारपणाचं वर्ष

बाबा, तुमच्या नातीला युनिव्हर्सिटीच्या टीमकडून आणखी एक वर्ष फुटबॉल खेळता येणार आहे. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेल्यावर ती झाली, आणि तीही इथे, जपानमध्ये. आता क्योतोला शिकते. आम्ही दोघं नवराबायको टोकियोजवळ इचिकावाला असतो, त्यामुळे भेटायचं म्हणजे अख्खा दिवस काढून जायचं. तिसऱ्या वर्षी खेळताना तिच्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं, आणि वर्षभर तिला शिक्षणातून रजा घ्यावी लागली. त्यांच्या लीगचा नियम होता की प्रवेश घेतल्यापासून चारच वर्षं खेळायचं, मध्ये काहीही होवो. यंदा त्यांनी तो बदलला. उपचारासाठी घेतलेल्या रजेचं वर्ष आता मोजणार नाहीत. तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून प्लॅटफॉर्मवर उभी होते. आनंद झाला की ती मराठी विसरते. "आई, देरेरुत्ते," म्हणाली. खेळता येणार म्हणे. मी "अरे वा" म्हणाले आणि डोळ्यांसमोर दादा उभा राहिला. समोर आलेली गाडी मी तशीच जाऊ दिली.

कोल्हापुरात तुम्ही कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर होता, आणि विद्यापीठाच्या क्रीडा समितीवरही. तेव्हा काही कॉलेजं दरवर्षी नव्या कोर्सला नाव घालून नोकरी करणारे, लग्न झालेले गडी मैदानात उतरवायची. "अठरा वर्षांच्या पोराने यांच्यापुढे खेळायचं कसं?" असं म्हणत तुम्ही घरभर फेऱ्या मारायचात. शेवटी समितीत भांडून नियम करून घेतलात: बारावीनंतर ठरावीक वर्षंच खेळता येईल, मध्ये नापास झाला, गॅप पडला, काही बघायचं नाही. एक सूट ठेवली की त्या फटीतून सगळे आत शिरतात, असं तुमचं म्हणणं. दादाचं एक वर्ष काविळीत गेलं होतं आणि तोही या नियमात अडकेल, हे आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. तो शेवटच्या वर्षाला होता. कॅप्टन तोच होणार हे सगळं कॉलेज धरून चाललं होतं.

मी तेव्हा अकरावीत, त्याच कॉलेजात. सकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर बसले आहे. तुम्ही टीम वाचता आहात. दादा बूट घालून तयार उभा आहे. नावं संपतात आणि त्याचं नाव येत नाही. तो हसतो, त्याला वाटतं तुम्ही विसरलात. "सर, मी?" मैदानावर तो तुम्हाला सरच म्हणायचा. तुम्ही म्हणता, "नव्या नियमात तू बसत नाहीस."

"मी आजारी होतो, सर. नापास नव्हतो."

"माहीत आहे. नियमात आजारपण नाही."

"मग घाला ना."

तुम्ही यादीची घडी करून खिशात घातलीत. दादा खाली बसला, बूट काढले आणि त्याच्या जागी घेतलेल्या पोराला दिले, कारण त्या पोराच्या बुटाचा तळवा सुटला होता. मग अनवाणीच फाटकाबाहेर गेला. तुम्ही शिट्टी वाजवून सराव सुरू केलात.

त्या दुपारी आई भाकरी थापत होती. तुम्ही स्वयंपाकघरात पाट ओढून बसलात. आईने मागे न बघता विचारलं, "नियम केला तेव्हा तुम्हाला माहीत होतं?" तुम्ही हो म्हणालात. "मग घरी नाही का सांगायचं त्याला? चारचौघांत कशाला?" ताटाकडे बघत तुम्ही म्हणालात, "घरी सांगायला बसलो असतो तर माझ्याच्याने झालं नसतं." भाकरी तव्यावर करपली. आईने ती काढली नाही, मी उठून गॅस बंद केला.

दादा पुन्हा मैदानावर गेला नाही. परीक्षा दिली, नाशिकला कंपनीत लागला. दिवाळीला यायचा, तुमच्यासमोर बसायचा, आणि आईला सांगायचा, "बाबांना विचार, चहा घेणार का." तुम्हीही आईलाच सांगायचात, घेईन म्हणून. तुम्ही गेलात तेव्हा सगळं त्यानेच केलं, नीट केलं, आणि तेराव्यानंतर परत गेला.

परवा मी त्याला फोन करून भाचीची बातमी सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुडघा पूर्ण बरा आहे ना? सुरुवातीचे सामने अर्धाच वेळ खेळ म्हणावं." तुमचा विषय त्याने काढला नाही. मीही नाही.

गेल्या रविवारी क्योतोला गेले होते. सराव संपता संपता ऑफिसच्या कपड्यांतली एक मुलगी कोंबिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, सगळ्यांसाठी थंड पेयांच्या बाटल्या घेऊन आली. तुमच्या नातीची सेनपाई, म्हणजे टीममधली एक वर्ष पुढची. तिचाही गुडघा असाच गेला होता. गेल्या मार्चमध्ये ती पास होऊन बाहेर पडली आणि नियम त्यानंतर बदलला. तिने अभिनंदन केलं, हसली, बाटल्या वाटल्या. ती गेल्यावर लेक माझ्याजवळ येऊन बसली. "हे आधीच का नाही केलं त्यांनी?" म्हणाली. बसने तिच्या खोलीवर जाताना मी तिला पहिल्यांदा दादाची सगळी हकीकत सांगितली. तिने ती खिडकीबाहेर बघत ऐकली. तिचा मामा फुटबॉल खेळायचा, हेही तिला ठाऊक नव्हतं. आम्ही कुणी कधी बोललोच नव्हतो.

मग तिने विचारलं, "आजोबांनी नंतर तो नियम बदलला ना?"

मी हो म्हणाले. तुम्ही तसं कधी केल्याचं मला माहीत नाही, बाबा. दुसऱ्या वर्षी तुम्ही समितीच सोडलीत, आणि का सोडलीत ते मी विचारलं नाही. पण तिने "योकात्ता" म्हटलं, बरं झालं म्हणाली, आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मग मी ते तसंच राहू दिलं. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे हा कागद कपाटात ठेवला तरी चालेल.