बाहेरच्या खोलीतली होडी

प्रिय दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला गेला का? मागच्या पत्रात तू हवेबद्दल दीड पान लिहिलंस आणि स्वतःबद्दल दीड ओळ, म्हणून मुद्दाम विचारते. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे आणि बाबा होडी बांधून घेत आहेत.

बरोबर वाचलंस. होडी. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो, काठीशिवाय न्हाणीघरही लांब वाटतं, आणि या माणसाला तलावात जायचंय, तेही मला न घेता. (मी सोबत येते म्हटलं तर म्हणाले, "तू आलीस की मी पेशंट होतो.") डॉक्टर म्हणाले, जाऊ दे, मनाला उभारी येईल. डॉक्टरांचं काय जातंय! तेव्हापासून होडीचं संशोधन माझ्या गळ्यात पडलं आहे. मिक्सरचं झाकण ज्या बाईला नीट लावता येत नाही, ती ऑफिसात फायलींखाली लपवून बॅटऱ्यांचे तक्ते वाचते. तळ एक असावा की दोन, फायबरचा की कार्बनचा, मोटरीत गवत अडकलं तर ती कळवणार कशी आणि कुणाला. गेल्या आठवड्यात साहेबांपुढे पगारपत्रकाऐवजी होडीच्या पोटाचा नकाशा सहीला ठेवला. त्यांनी सही केली.

होडी बांधणाऱ्या बाई इंजिनियर आहेत, कमी बोलतात आणि प्रश्न मात्र हात धुऊन मागे लागल्यासारखे पाठवतात. त्यांची एक पद्धत आहे. कागदावर होडी कुणालाच कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती खऱ्या मापाची जमिनीवर आखायची आणि आठवडाभर तिच्यात राहून बघायचं. म्हणून मी रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी आणून बाहेरच्या खोलीत होडी आखली. होडी पावणेचार मीटर, खोली सव्वातीन, तेव्हा नाक स्वयंपाकघरात गेलं आहे. सध्या मी भाजी होडीच्या टोकावर उभी राहून चिरते. बाबा रोज सकाळी नऊ ते अकरा खुर्ची टाकून आत बसतात. परवा मी चहा घेऊन सरळ पट्टीवरून गेले तर केवढ्याने ओरडले, "कडेवर पाय देऊ नकोस, कलंडेल!" खालच्या काकू वाटी परत द्यायला आल्या, त्या पट्टीपाशी थबकल्या, चपला काढल्या आणि म्हणाल्या, येऊ का आत? बाबांनी विचार करून परवानगी दिली.

हसलास ना? हस. पुढचं ऐक. या होडीत एक सोय आहे. चालवणाऱ्याचा हात सुकाणूच्या दांड्यावरून सुटला की ठरावीक सेकंदांनी ती आपली आपण वळून किनाऱ्याला येते. किती सेकंदांनी, हे आम्ही सांगायचं. मी स्टुलाला उलथनं बांधून दांडा केला, बाबांच्या डाव्या हातात दिला आणि घड्याळ घेऊन समोर बसले. पहिल्या दिवशी डुलकी लागली, तो दिवस हिशेबात धरला नाही. दुसऱ्या दिवशी नाक खाजवलं, चार सेकंद. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून घसरून खाली लोंबकळला. बाबांनी दांडा सोडला, डाव्या हाताने तो उजवा हात उचलला, दुसऱ्या कुणाचं झोपलेलं मूल उचलावं तसा, आणि मांडीवर नीट ठेवला. बोटं सरळ केली. एकतीस सेकंद. मी वहीत एकतीस लिहिलं आणि स्वयंपाकघरात, म्हणजे होडीच्या टोकाला, जाऊन थोडा वेळ उगाच नळ सोडून उभी राहिले. बाईंना चाळीस कळवले. बाबांना ती सोयच नको आहे. "मला आणायला होडी कशाला? मी येईन की."

आता बाकांचं. बाई म्हणाल्या, एकटा माणूस तर बाक एकच, मधोमध. होडी हलकी आणि सरळ राहील. बाबा अडून बसले. दोन हवेत, शेजारी शेजारी. काकूंनी डोळ्यांना पदर लावला, म्हणाल्या, तुझ्या आईसाठी गं. मलाही पटलं. मी आईची उशी आणून शेजारच्या बाकाच्या जागी ठेवली आणि दोघी रडलो. बाबांनी काठीने उशी ढकलली. "तिला काठावरून पाणी बघून चक्कर यायची. मेल्यावर तरी सुखाने राहू दे." मग कुणासाठी, विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले, बसेल कुणीतरी.

बाकी सर्व ठीक. तब्येत सांभाळ, पाठीला शेक घेत जा.

तुझी
धाकटी

ता. क. इतकं लिहून मुद्दा राहिलाच. तुझं वजन कळव. शेजारच्या बाकावरचा माणूस किती किलोंचा, त्यावर बॅटरी कुठे बसवायची ते ठरतं. तिथे कुणीच बसणार नसेल तर बाई वाळूची पिशवी कायमची पक्की करून टाकणार आहेत, आणि एकदा साचा झाला की बदल होत नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.

आणखी एक. आईच्या वेळी तू दोन दिवस उशिरा पोचलास आणि बाबा दारात जे बोलले ते बोलले. पाच वर्षं झाली. ते माफी मागणार नाहीत, तूही मागू नकोस. फक्त आकडा पाठव.

शेवटचं. बाईंच्या फॉर्मवर "सोबत बसणारी व्यक्ती" असा एक रकाना आहे. मी तो कोरा ठेवला होता. काल ऑफिसातून आले तर बाबांनी तो डाव्या हाताने भरून ठेवला होता; अख्खी दुपार गेली असणार, एकेक अक्षर वेगळ्या दिशेला पडलं आहे. नातं: मुलगा. वजन: माहीत नाही. पोहता येतं का: येतं. मी शिकवलंय.