आधी म्हातारी, मग आई

खांदा कॉलनी, पनवेल

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे आठांपैकी दोन अंगे सध्या रजेवर आहेत, सहा पोचती समज.) तुझी शुगर आवरती आहे ना? भावजींच्या खोकल्याचा दोष चिपळूणच्या हवेवर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आम्ही इकडे ठीक. फक्त घरात एक परदेशी म्हातारी राहायला आली आहे.

आईच्या तेराव्याला तू म्हणालीस, "वीस वर्षं आई तुझ्याकडे होती, आणि तुला तिचा एक धड फोटो काढता आला नाही!" मोबाईल धरला की ती पदर तोंडावर घ्यायची आणि मीही कधी आग्रह केला नाही. उरला आधार कार्डावरचा फोटो. त्यात ती नुकतीच अटक झाल्यासारखी दिसते. म्हणून ठरवले, वर्षश्राद्धापर्यंत आईचे तैलचित्र स्वतःच काढायचे. (हसून घे. मी थांबतो.)

करंजाड्यातल्या कुबरा मॅडम घरीच शिकवणी घेतात. त्यांचा नियम असा, की आधी जुन्या उस्तादांची नक्कल, मग आपली माणसे. त्यांनी चारशे वर्षांपूर्वीच्या एका डच चित्रातली पांढऱ्या टोपीची म्हातारी पुढ्यात ठेवली. आता, पंचवीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्या माणसाला डोळा काढ म्हटले की हात आपोआप कमळाच्या पाकळीकडे वळतो आणि भुवईचे धनुष्य होते. पंधरा दिवसांत ती सत्तरीची बाई स्वयंवराला निघाल्यासारखी दिसू लागली. मॅडम म्हणाल्या, "माशाअल्ला सर, सुंदर आहे. पण ही कोण?" आणि त्यांनी मूळ चित्र खाली डोके वर हनुवटी असे उलटे टांगले. "तुम्ही बघत नाही सर, तुम्हाला आधीच माहीत असतं. आता दिसतं तेवढंच काढा."

उलट्या म्हातारीला डोळे नव्हतेच. नुसत्या सावल्या होत्या, एक तपकिरी, एक हिरवट. त्या जशाच्या तशा उतरवल्या आणि कॅनव्हास सुलटा केला, तर आतून कुणीतरी थकलेले माझ्याकडे पाहत होते. ताई, नेत्रांची इतकी वर्णने मुलांकडून पाठ करून घेतली, पण डोळा मी त्या दिवशी पाहिला.

(त्या आनंदात जवसाचे तेल संपले, तेव्हा रंगात घरचे खोबरेल घातले. म्हटले, तेल ते तेल. खोबरेल वाळत नाही, हे कोणत्याही शास्त्रात आम्हांला शिकवले नव्हते. महिना झाला, म्हातारीचे गाल ओलेच आहेत. तुझी भावजय मनिषा रोज सकाळी बोट लावून बघते, "बाईंना अजून घाम सुटलाय हो," असे जाहीर करते आणि बोट माझ्या टॉवेलला पुसते.)

गेल्या रविवारी मॅडम म्हणाल्या, "चला सर, आता आई सुरू करू. भांग मधोमध पाडायच्या की बाजूला?" मी रंगाच्या नळ्या ओळीने लावू लागलो. "बरं, पापण्या जड होत्या का?" ताई, वीस वर्षे तिच्यासमोर बसून जेवलो. आमटीत मीठ कमी पडले तर पहिल्या भुरक्यात कळायचे. भांग मात्र आठवेना. मॅडमनी ब्रश धुवायला घेतले. तेव्हा कळले, तेराव्याला तू फोटोबद्दल बोलत नव्हतीस.

भावजींना नमस्कार.

तुझा,
जगन

ता. क. : चार दिवस येऊन राहा. उत्तरेच्या खिडकीपाशी खुर्ची मांडून ठेवली आहे. आईचे नाक, कपाळ आणि ऐकताना मान कलती करायची खोड तुझ्यातच उतरली आहे. 'अगदी आईवर गेलीस' म्हटलेले तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण आता मी दुसरीकडे कुठे बघू?

आणखी एक : केस रंगवून येऊ नकोस. आणि माझ्यावरचा राग अजून गेला नसेल तर तो घेऊनच ये, बसताना चालेल. आई माझ्याकडे बहुतेक तशीच बघायची.