हर्राजीच्या घरातली नणंद

अहो, ऐकून राहिलात ना?

अक्षर आपल्या नातीचं, सखूचं, बोलणं माझं. जित्तेपणी माझं अर्धं ऐकून तुमी उठून जायचे. आता ती सोय न्हाई. परवापासून मला जो हादरा बसलाय, तो ज्यानं दिला त्यालाच सांगते.

डोंगरकड्याचं ते घर! बँकेच्या हर्राजीत शेवटची बोली तुमची झाली, शिक्क्याचा कागद घेऊन तुमी नाचत आले. मी किल्ली मागितली. "बँकेनं ताबा दिला न्हाई अजून." घर बघू म्हटलं, तर "कुलूप बघून काय करतेस?" तीन वर्षं हेच! तुमी गेलात, तरी बँकेला माझ्या शिव्या चालूच.

आता खोलीवाला म्हणतो, दसऱ्यापर्यंत निघा. म्हणून परवा हिंगोलीला बँकेतच जाऊन बसले. म्हटलं, "हर्राजीत घेणाऱ्याला रिकामं घर द्यायचं काम तुमचं. द्या!"

कारकुनानं कागदांचा बस्ता सोडला. "आजी, ताबा तर तवाच दिला. ही मालकाची सही. आता बँकेकडं काही मागता येत न्हाई."

तुमची सही? मी कागद सोबत आलेल्या सखूकडं ढकलला.

सखूनं पंचनामा वाचला. "घरात चूल पेटलेली. एक म्हातारी हजर. ती आपली थोरली बहीण असून आपल्याच घरची आहे, असे खरेदीदार सांगतो. नाव हाजराबी."

बहीण! अहो, तुमी एकुलते एक! चाळीस वर्षं नणंदेवाचून सुखात काढली, अन् या वयात बँकेनं नणंद लिहून दिली? वर तुमचं नाव, खाली बहीण हाजराबी. एकाही पंचाला हसू आलं न्हाई?

काल तणतणत डोंगरकडा गाठलं. जुन्या मालकाची आई ती. पोरगा परागंदा. त्या दिवशी बँकेची माणसं तिचं बोचकं बाहेर ठेवून राहिली होती, तवा तुमी बहीण म्हणालात. हे तिनंच सांगितलं. मला बघताच म्हणाली, "आव भाभी. भाई बोलताच था, तू एक दिन झगडने कू आयेगी. भाई कैसा है?"

तिला ठाऊकच नव्हतं हो!

भांडायला गेलेली मी, अन् माझ्याच तोंडून तिला सांगावं लागलं. ती उठली अन् पेटत्या चुलीवर पाणी ओतलं. सख्ख्या बहिणीनं सुतकात ओतावं तसं.

मला काहून सांगितलं न्हाई? मी तिला हाकललं असतं, असं वाटलं? असतंही, कोण जाणे.

दसऱ्याला आमी तिथं राहायला जातो. तिला कोणी उठवणार न्हाई, हे माझं वचन. रिकामं घर मागायचा हक्क तुमी सही करून घालवला. पण नणंदेशी भांडायचा हक्क माझा. तो मी रोज बजावणार.

हाजराबीची भावजय,
म्हणजे तुमचीच
(अंगठा डाव्या हाताचा, शाई सखूनं लावली)