निळीचे चार थेंब

प्रिय शिवानी,

सप्रेम जय भीम. शेजारचे मुकुंदराव उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. तुझं मराठी वाचन म्हणजे अक्षराला अक्षर जोडत चालतं, ठाऊक आहे मला. तरी नागसेनकडून वाचून घेऊ नकोस. होणाऱ्या जावयाच्या कानावर घालायच्या सगळ्याच गोष्टी नाहीत यात. हळू वाच, पण स्वतः वाच.

आधी चांगली बातमी. मी आता लंगडत नाही. बरकतपुऱ्यातून नारायणगुड्याच्या शाळेपर्यंत रोज चालत जाते आणि चालतच येते, ऑटोचं नावसुद्धा काढत नाही. टाच दुखायची ती कुठं गेली काय की. साखरपुड्यात नागसेनच्या आत्यानं मला खालून वर बघत, आईंच्या पायाला काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मी हसण्यावारी नेलं, पण मला ते लागलं होतं, आज सांगते. पुढच्याच आठवड्यात तू माझ्यासाठी धाडलेले पांढरे कापडी बूट आले आणि सोबत तुझी अट. रोज घालायचे, ट्रंकेत दडवायचे नाहीत, आणि लग्नादिवशी पांढऱ्या साडीखाली हेच घालून विहाराच्या फाटकापासून पायऱ्यांपर्यंत तुझा हात धरून चालायचं, न लंगडता. आणि त्या दिवशी बूट कसे, तर साडीसारखे पांढरे.

बाई गं, ही काय अट झाली? रोज घाला आणि मळवू नका. पहिल्याच दिवशी बालवाडीतल्या पोरांनी डाव साधला. नवे बूट दिसले की त्यावर पाय द्यायचा, हा त्यांचा कायदाच. अठ्ठावीस पोरांनी एकामागून एक पाय दिला. श्रुती नावाची चिमुरडी तर घरी जाता जाता फाटकातून परत फिरली, तिचं राहिलं होतं म्हणून. मी शाळेतली आया असले तरी कितीजणांवर ओरडू?

मग मी पदर खोचला. घरी आलं की उंबऱ्याबाहेरच कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, ओली चोळायची नाही, चोळली की ती कापडात शिरते. रबराच्या कडेला जुन्या दातब्रशनं पेस्ट. नाड्या काढून वेगळ्या साबणाच्या पाण्यात. पहिल्यांदा धुतले आणि गच्चीवर कडक उन्हात ठेवले, तर कडांना पिवळे डाग. त्या दिवशी मी जेवले नाही नीट. मग शाळेतल्या टीचरनं सांगितलं, सावलीत वाळव आणि वरून पांढरा टिश्यू कागद गुंडाळ, पिवळेपणा कागदात उतरतो. खरंच उतरतो. एकदा कोपऱ्यावरच्या हॉटेलात इराणी चहाचा थेंब सांडला, तर मी तिथंच बाकावर पाय घेऊन ओल्या रुमालानं टिपायला बसले. चहावाला म्हणे, अम्मा, चाय पियो, ठंडी हो रही. त्याला काय कळणार माझी परेशानी.

तुझे बाबा आधी टिंगल करायचे. तीस वर्षं ऑफिसात काळे बूट झिजवलेला माणूस, त्यांच्या मते बूट म्हणजे काळा, बाकी सगळे लाड. पण वाण नाही पण गुण लागला. महिन्याभरात तेच संध्याकाळी चष्मा लावून माझे बूट तपासायला लागले. आज डाव्या पायाला ठिपका आहे, म्हणायचे, रस्त्यानं बघून चालत जा. मीही खोटं खोटं रागवायची. खरं सांगू, इतक्या वर्षांत माझ्या पायाकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं.

आता जे सांगायचं ते. गेले दहा दिवस तू व्हिडिओवर बूट दाखव म्हणतेस आणि मी फोन पंख्याकडे धरून नेटवर्क नाही म्हणते. नेटवर्क चांगलं आहे गं. झालं असं, त्या रविवारी मी तुझ्या बांगड्या बघायला दिलसुखनगरला गेले होते. तुला माहितीये, चौदा एप्रिलचा सदरा असो की पौर्णिमेची साडी, आपल्या घरात नीळ देणार बाबाच. बादलीला चार थेंब, मोजून. माझे बूटही तसेच चमकवून मला थक्क करावं, असं त्यांच्या मनात आलं. पण बुटाचं कापड जाड, चार थेंबांनी काय होणार, म्हणून त्यांनी बाटली सरळ बुटांवरच धरली. मी आले तेव्हा कठड्यावर आकाशी रंगाचे दोन बूट सावलीत वाळत होते, टिश्यू कागद अगदी नीट गुंडाळलेला. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी लगेच बादली भरली आणि ब्रश हातात घेतला.

पाच वेळा धुतले, आकाशी काही जाईना. नवे घेईन म्हटलं, तर नवे चावतील आणि मी त्या दिवशी पुन्हा लंगडेन. या बुटांना माझी टाच कळलीय. काल शाळेतून आले तर दोरीवर बाबांचेही बूट. लग्नासाठी आणलेले, कोरे पांढरे, तेही निळीत बुडवलेले. म्हणाले, तू एकटी वेगळी दिसायला नको. मी आधी हसले आणि मग मला रडू आवरेना.

म्हणून ही चिठ्ठी. आत्याबाई पुन्हा पायाकडे बघणार, विचारणार, हे धरून चाल. तुला लाज वाटणार असेल तर सांग, मी चपला घालून खुर्चीपर्यंत जाईन आणि एक अक्षर बोलणार नाही. पण मला त्या निळ्या बुटांतच तुझा हात धरून चालायचंय, पोरी. पायऱ्यांशी तर सगळ्यांनाच काढायचेत. आणि हो म्हणणार असशील, तर लग्नात घालायचे तुझे स्वतःचे पांढरे बूट बॅगेत टाकून आण. बाबांनी बाटलीत अर्धी नीळ राखून ठेवलीय.

तुझीच,
निळ्या पायांची आई